सबनीसकाकांच्या दोन झडपा

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये गप्प पडलेला माणूस एकच, तो म्हणजे पेशंट, आणि त्यालाही मीच गप्प केलेलं असतं! बाकी सगळे बोलत असतात. आणि बाहेर बसलेले नातेवाईक? त्यांच्याबद्दल तर विचारूच नका. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीत आले तेव्हापासून ऐकतेय, आता गुरुग्रामच्या हॉस्पिटलात ऐकतेय. घरी येऊन नवऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, "अगं, हे तू मागच्या आठवड्यात सांगितलंस." मागच्या आठवड्यातलं वेगळं होतं रे बाबा! ऐकतं कोण?

पण सबनीसकाकांची गोष्टच वेगळी. त्या एका माणसाच्या पायी माझं डोकं जितकं फिरलं, तितकं बाकीच्या सगळ्या पेशंटांनी मिळून फिरवलं नसेल.

काका म्हणजे आमच्या दिल्लीच्या मंडळाचे प्रॉम्प्टर. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य गेलं, रिटायर झाल्यावर मुलीकडे, मधुराकडे, गुरुग्रामच्या सोसायटीत राहायला आले. मंडळाचं दरवर्षी एक मराठी नाटक होतं. नट सगळे ऑफिसवाले. अर्धे दिल्लीतच वाढलेले, त्यांना 'अडगळ' म्हणजे काय हेही सांगावं लागतं. आणि हिरो कोण, तर माझा नवरा श्रीरंग! ज्याला लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, त्याला तीन अंक काय आठवणार? तर हे सगळं गाडं डाव्या विंगेत फोल्डिंगच्या खुर्चीवर बसलेले सबनीसकाका ओढायचे.

त्यांचा एक नियम होता. नट अडला की लगेच तोंड उघडायचं नाही. त्याने विंगेकडे बघितलं की मगच वाक्य द्यायचं. "आधी दिलं तर नटाचा अपमान, उशिरा दिलं तर नाटकाचा," असं म्हणायचे.

आणि हाच माणूस गेल्या वर्षी दुसऱ्या अंकात खुर्ची सोडून उठून गेला. परत आला तो धापा टाकत. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. श्रीरंग स्टेजवर 'अं... अं...' करत उभा, आणि विंगेत खुर्ची रिकामी!

*

ते दुखणं किती दिवसांचं असेल? अहो, वर्षांचं! पण कोणाच्या लक्षात येईल तर शपथ.

काकांचा चेहरा मधूनमधून लालबुंद व्हायचा. काकू खूश! म्हणायच्या, "गुरुग्रामची हवा मानवली हो यांना. गाल बघा कसे टोमॅटोसारखे झालेत." गुरुग्रामची हवा! जिथे थंडीत समोरचा टॉवर दिसत नाही, तिथली हवा यांना मानवली म्हणे!

सोसायटीतल्या लोकांचं मत वेगळं होतं. सकाळी सकाळी लाल चेहरा, मधूनच धाप, मधूनच घाईघाईने घराकडे पळणं. शेजारच्या फ्लॅटमधल्या एका अंकलनी अखेर काकांना बागेत गाठलं आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सबनीस साब, बुरा मत मानना. सुबह सुबह कौन सा ब्रँड लेते हो? चढती भी है, और बदबू बिल्कुल नहीं आती!"

काका आयुष्यात दारूला शिवले नाहीत. घरी येऊन काकूंना सांगितलं तर काकू तीन दिवस बागेत गेल्या नाहीत. डॉक्टरकडे मात्र कोणी गेलं नाही! पोट बिघडतं त्याला 'वयोमान', चेहरा लाल होतो त्याला 'हवा', पाय सुजतात त्याला 'मीठ जास्त'. प्रत्येक लक्षणाला एक-एक कारण तयार.

नाटकाच्या त्या प्रकारानंतर मीच हात धरून हॉस्पिटलात नेलं तेव्हा कळलं. कार्सिनॉइड, कॅन्सरचाच एक दुर्मीळ प्रकार. आतड्यात एक बारीकशी गाठ, तिथून लिव्हरमध्ये पसरलेली. ही गाठ मुकाट्याने वाढत नाही, रक्तात सारखं एक रसायन सोडत राहते. त्याने चेहरा लाल होतो, पोट बिघडतं, आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होऊन आखडतात. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसत नाही ना, तसं. काकांच्या दोन झडपा मिटतच नव्हत्या. रक्त उलटं फिरत होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "या वर्षी विंगेत बसता येईल का?"

*

तपासण्यांपैकी एक लघवीची. दिवसभराची जमवायची, त्यात त्या रसायनाचा अंश मोजतात. त्याच्या आधी काही दिवस केळं, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद. नाहीतर आकडा उगीच फुगतो. आमच्या कॅन्सरच्या डॉक्टर सेन मॅडम, कोलकात्याच्या, अतिशय काटेकोर. त्यांनी काकूंना शंभरदा बजावलं.

रिपोर्ट आला. सेन मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा असा वर गेलेला की त्यांचाच विश्वास बसेना. मला बोलावलं.

मी काकूंना विचारलं, "काकू, केळं दिलंत?"

"छे! एक केळं दिलं नाही मी त्यांना. मागत होते, तरी नाही दिलं."

"मग काय दिलंत?"

"काही वेगळं नाही गं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून सत्यनारायण घातला फक्त."

"प्रसादाला काय केलं होतं?"

"शिरा."

"त्यात केळं?"

"आता प्रसादाच्या शिऱ्यात केळं नको का? त्याशिवाय कसला प्रसाद? पण तो प्रसाद आहे गं. त्याने काही होत नसतं."

मी कपाळाला हात लावला. ज्या रिपोर्टसाठी पूजा, त्याच रिपोर्टची पूजेने वाट लावली! सेन मॅडम विचारत होत्या, काय झालं, काय झालं. मी हिंदीत सांगितलं. मला वाटलं आता काकूंना झाडतील. तर मॅडम विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "हमारे यहाँ सत्यनारायण की शिन्नी में भी केला पडता है. प्रसाद को ना थोडी बोल सकते हैं."

तपासणी परत केली. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या ओपीडीत गेले तर पेशंटांना देण्याच्या कागदावर केळं, अननस, अक्रोड, टोमॅटोच्या खाली पेनने लिहिलं होतं, 'प्रसाद भी'.

*

आता खरी डोकेदुखी सुरू झाली.

सेन मॅडम म्हणाल्या, "आधी हृदय दुरुस्त करा. या हृदयावर मी लिव्हरला हात लावू शकत नाही." आमचे हृदयाचे सर्जन अरोरा सर म्हणाले, "आधी कॅन्सर बघा. पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटला मी दोन वॉल्व कशाला लावू?" मग मीटिंग. मीटिंगमध्ये ठरलं की पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू!

मी ओरडून सांगतेय, "अहो, ही गाठ गोगलगायीच्या चालीने वाढते. हा माणूस गाठीने नाही जायचा, झडपांनी जाईल! आणि लवकर जाईल!" पण भूल देणाऱ्या डॉक्टरचं ऐकतो कोण? आम्हाला पेशंटसुद्धा विचारतात, "मॅडम, आप डॉक्टर हैं या सिर्फ बेहोशी वाली?"

आणि काका, काकू, मधुरा या मजल्यावरून त्या मजल्यावर. सेन मॅडम म्हणायच्या अरोरांना विचारा, अरोरा म्हणायचे सेनना विचारा. प्रत्येक खेपेला काकांची धाप वाढत होती. पोटात पाणी साठायला लागलं. लिफ्टसमोर व्हीलचेअरवर बसलेल्या काकांनी एकदा मला जवळ बोलावलं. मंडळात मला 'नीता' म्हणणारे काका हॉस्पिटलात कटाक्षाने 'डॉक्टर' म्हणायचे.

"डॉक्टर, एक विचारू? हे दोघं एकाच नाटकात आहेत ना?"

*

याच धावपळीत तो दुसरा घोळ झाला. हा आठवला की अजून चिडचिड होते.

एक दिवस काकूंनी मला कॉफीच्या काउंटरजवळ बाजूला घेतलं. डोळे भरलेले. "नीता, यांना कॅन्सर म्हणून सांगू नकोस हं. मी गाठ म्हणूनच सांगितलंय. खचतील ते."

मी म्हटलं, बरं.

काकू चहा आणायला वळल्या आणि पलीकडे व्हीलचेअरवर बसलेल्या काकांनी खूण केली. "डॉक्टर, हिच्यासमोर तो शब्द काढू नका. मी रिपोर्ट वाचलाय सगळा. हिला वाटतंय साधी गाठ आहे. वाटू दे."

मी म्हटलं, बरं.

संध्याकाळी मधुराचा फोन. "ताई, आईबाबांना दोघांनाही कळता कामा नये. प्लीज! मी इंटरनेटवर सगळं वाचलंय. दे विल जस्ट कोलॅप्स, यार."

आता बोला! तीन माणसांचं घर. तिघांना ठाऊक. आणि तिघंही उरलेल्या दोघांसमोर काही झालंच नाही असा चेहरा करून वावरताहेत! जेवायला एकत्र बसतात, टीव्ही एकत्र बघतात आणि 'ती गाठ', 'ती गाठ' करतात.

मी घरी येऊन श्रीरंगला सांगितलं. वाटलं, धीर देईल. तो म्हणाला, "आमच्या ग्रुपमध्ये कोणाची एवढी ॲक्टिंग नाही यार!"

गंमत नव्हती ती. या रोगात भूल देणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती कशाची, तर पेशंटच्या मनाला बसलेल्या धक्क्याची. माणूस घाबरला, चिडला, की गाठ त्या रसायनाचा लोंढाच सोडते. चेहरा लाल, छाती आवळलेली, ब्लड प्रेशर धाडकन खाली. टेबलावर असं झालं तर हातचा माणूस जाऊ शकतो. म्हणून मला शांत पेशंट हवा होता. आणि इथे अख्खं घर श्वास रोखून बसलेलं. त्यात मी तिघांना तीन वचनं देऊन बसले होते.

*

शेवटी अरोरा सर 'देखते हैं' वर आले. 'हां' नाही, 'देखते हैं'. मी तेवढ्यावर काकूंना झडपांची माहिती द्यायला बसले.

काकूंचा पहिला प्रश्न, "कशाच्या असतात गं या झडपा?"

मी नको तेव्हा खरं बोलते, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "काही गाईच्या असतात, काही डुकराच्या. सर डुकराच्या बसवतील असं वाटतंय."

काकूंचा चेहरा पडला. "डुकराच्या?"

"काकू, तुम्ही तर मटण, मासे सगळं खाता. मागच्या पिकनिकला तुमच्या हातचं सुकं मटण मीच दोनदा घेतलं."

"एरवी खातो गं. पण आता श्रावण लागतोय."

मला आधी कळेचना. मग कळलं, डुकराची झडप म्हणजे मांसाहार!

"श्रावण सुटला की बसवू या ना. एका महिन्याने काय होतंय? आमच्या घरात आजवर श्रावणात असलं काही आलेलं नाही."

एका महिन्याने काय होतंय! इथे मी आठवडे मोजत होते. मी समजावलं, रागावले, हात जोडले. काकू आपल्या श्रावणावर ठाम. अखेर पलंगावर उशीला टेकून बसलेले काका बोलले. बोलतानाही मध्ये थांबावं लागत होतं त्यांना.

"अगं, उपास पोटाचा असतो. हे छातीत जाणार आहे."

काकूंनी बोटांवर वार मोजले. मग म्हणाल्या, "बरं. पण सोमवार नको."

*

मंगळवारची तारीख मिळाली. त्याच्या आधी सर्जनने पेशंटला आणि घरच्यांना समोर बसवून सगळे धोके सांगायचे असतात. आता हे टळणार नव्हतं. मी अरोरा सरांना आधी गाठून तिन्ही वचनं सांगितली. ते भडकलेच. "मैं सर्जन हूँ या डिप्लोमॅट? बिना बोले कैसे बोलूँ?"

"सर, पेशंट को शॉक नहीं लगना चाहिए."

"तो आप ही बोल दीजिए ना!"

आम्ही त्या छोट्या खोलीत बसलो. काकू उजवीकडे, मधुरा मध्ये, काका डावीकडच्या खुर्चीत. अरोरा सर समोर. मी भिंतीला टेकून उभी, मनातल्या मनात देवाचा धावा करत.

सर सुरू झाले. एरवी मशीनगनसारखे बोलतात, त्या दिवशी चाचरत होते. "देखिए, सबनीस साहब, दो वॉल्व बदलने हैं. रिस्क है. मामूली नहीं, काफी है. क्यूँकि आपके लिव्हर में... मतलब वो जो... जो आपको..."

अडले.

काकूंकडे बघितलं. काकू मान हलवून नको नको म्हणताहेत. मधुराकडे बघितलं. ती डोळे मोठे करून बघतेय. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आणि मग सरांची नजर फिरत फिरत डावीकडे गेली.

काका खाली मान घालून बसले होते. मान वर न करता, त्या त्यांच्या खास आवाजात, जो स्टेजवर पोहोचतो आणि पहिल्या रांगेला ऐकू जात नाही, ते म्हणाले,

"कॅन्सर है."

आणि अरोरा सर? आयुष्यात मंचावर पाय न ठेवलेला हा माणूस कसलेल्या नटासारखा म्हणाला, "कॅन्सर है."

"फैला हुआ है," डावीकडून आलं.

"फैला हुआ है."

"फिर भी ऑपरेशन से फायदा होगा. मैं करूँगा."

"फिर भी ऑपरेशन से फायदा होगा," सर ठणठणीत आवाजात म्हणाले. "मैं करूँगा!"

म्हणून गेले आणि मग चमकून इकडेतिकडे बघायला लागले. पण वाक्य तोंडातून गेलेलं होतं.

काकू वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

काका म्हणाले, "तुलाही?"

मधुरा रडायलाच लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि एकदम ओरडल्या, "म्हणजे तुलाही माहीत होतं? आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते!" मला त्या क्षणी तिघांनाही धरून चांगलं झोडपावंसं वाटलं, आणि तिघांनाही पोटाशी धरावंसं वाटलं. काकांचा चेहरा बघितला मी, तर लाल नव्हता. नाडी बघितली, तर शांत! इतके दिवस आम्ही ज्या धक्क्याला घाबरत होतो, तो त्या माणसाने स्वतःच हातात घेऊन आम्हा सगळ्यांना वाटून टाकला.

बाहेर आल्यावर अरोरा सरांनी मला थांबवलं. "ये आदमी करता क्या था?"

*

ऑपरेशनच्या सकाळी मी सक्त ताकीद दिली होती. पेशंटजवळ रडायचं नाही, उपदेश करायचा नाही, शांतता ठेवायची. गाठीला दाबून ठेवणारं औषध, ऑक्ट्रिओटाइड, सलाईनमधून आधीच सुरू केलेलं होतं. सगळं कसं छान चाललं होतं.

तेवढ्यात पुण्याहून काकांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल! मधुराने उचलला, आणि फोनमधून एकदम टाहो फुटला. "दादा रे! परत दिसशील ना रे मला! आईसुद्धा अशीच मंगळवारी गेली रे!"

मी पळत पोहोचेपर्यंत आत्याबाई आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत आल्या होत्या. मॉनिटरवरचा नाडीचा आकडा चढायला लागला. कानशिलं लाल व्हायला लागली. आणि काका, मला वाटलं घाबरलेत, तर ते वैतागले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "नीता, पडदा."

मी फोन हिसकावून बंद केला. बऱ्याच दिवसांनी 'डॉक्टर' सोडून 'नीता' म्हणाले, ते थिएटरमध्ये जाताना माझ्या लक्षात आलं. पण मला रडायला परवानगी नव्हती, मीच बंदी घातली होती ना!

*

थिएटरमध्ये मी आणखी एक बंदी घातली होती. प्रेशर पडलं की हृदयाच्या प्रत्येक थिएटरमध्ये पहिली आरोळी उठते ती ॲड्रेनलिनची. सवयच असते ती. पण या पेशंटमध्ये त्याने गाठ आणखी खवळू शकते. म्हणून मी ते लांबच्या ट्रॉलीवर ठेवलं आणि वर पट्टी चिकटवली, 'पहले नीता मॅडम से पूछो'.

झडपा बसवून झाल्या आणि व्हायचं तेच झालं. प्रेशर धाडकन खाली.

"ॲड्रेनलिन दो!" अरोरा सर ओरडले.

कोणी हललं नाही. मी ऑक्ट्रिओटाइडचा जादा डोस देत होते.

"सुना नहीं? ॲड्रेनलिन!"

शायनी सिस्टर, केरळची, थिएटरमध्ये केस पिकलेली बाई. तिने शांतपणे सांगितलं, "सर, ऊपर लिखा है, पहले मॅडम से पूछो."

"तो पूछो!"

"पूछा, सर. मना किया."

"सर्जन कौन है यहाँ?"

"आप हैं, सर," शायनी म्हणाली. "इसीलिए मैंने आपकी तरफ से पूछा."

आकडा थबकला. मग एकेक करून वर यायला लागला. नव्या झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. स्क्रीनवर बघत बसावं इतक्या सुंदर. अरोरा सरांनी बघितलं आणि म्हणाले, "देखा? मैंने पहले ही कहा था, फायदा होगा."

हो, सर! तुम्हीच म्हणाला होतात!

*

आता शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही, कारण यात माझीच फजिती आहे.

काका बरे झाले. बरे म्हणजे काय, लिव्हरमधलं आहे तिथे आहे, दर महिन्याला इंजेक्शन आहे, सेन मॅडमची ओपीडी आहे. पण पाय चपलेत मावतात आणि काका जिना चढतात. शरद ऋतू सरला तसे पहाडगंजच्या शाळेत तालमींना यायला लागले. संक्रांतीच्या सुमारास कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या हॉलमध्ये नाटक लागलं. डाव्या विंगेत खुर्ची, खुर्चीवर काका, गळ्यात मफलर. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी काकू.

पहिला अंक छान झाला. दुसऱ्या अंकात श्रीरंग हातात कप घेऊन दिवाणखान्यात एकटाच उभा, आणि अडला! अडणारच. मला नवल वाटलं नाही. मी विंगेतून त्याला वाक्य मिळण्याची वाट बघत होते.

वाक्य मिळेना.

श्रीरंग समोर प्रेक्षकांकडे बघत उभा. हॉलमध्ये खोकल्याचे आवाज सुरू झाले. मागे कोणीतरी हसलं. विंगेत काही नाही, चाहूल नाही. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "नीता, हे वाक्य का देत नाहीत गं?"

मी उठलेच. पर्समधलं बीपीचं मशीन काढलं आणि बाजूच्या दाराने पळत सुटले. मागे मिट्ट काळोख. पैठणीचा पदर कशाला तरी अडकला, तो ओढला. वायर ओलांडली, पायऱ्या चढले, समोर एक दार दिसलं, ते ढकललं आणि आत शिरले.

लख्ख उजेड!

मी दिवाणखान्यात उभी होते. नाटकाच्या! समोर अख्खा हॉल. शेजारी माझा नवरा, हातात कप, तोंड उघडं. माझ्या हातात बीपीचं मशीन, त्याची नळी लोंबतेय. पहिल्या रांगेतून टाळ्या आल्या, त्यांना वाटलं नवीन पात्र आलं.

मी डावीकडे वळून बघितलं. विंगेत काका. खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर संहिता, धडधाकट, आणि माझ्यावर असे चिडलेले की विचारू नका! एका हाताने श्रीरंगकडे दाखवून खूण करत होते, त्याने अजून इकडे बघितलंच नाही, मी कसं देणार?

आता काय करू? कुठे जाऊ? मी परत त्यांच्याकडे बघितलं.

आणि मी बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा निवळला. जरासे पुढे वाकले, आणि त्या आवाजात मला वाक्य दिलं.

"म्हण, नीता. 'काका आहेत का घरात?'"

मी प्रेक्षकांकडे तोंड केलं. आवाज फाटला, पण निघाला.

"काका आहेत का घरात?"

आणि माझा नवरा, ज्याला जन्मात एक वाक्य धड आठवलेलं नाही, त्याने विंगेकडे न बघता कप टेबलावर ठेवला आणि म्हणाला,

"आहेत ना! जातायत कुठे?"